आवडत्या साइटचं रूप पालटल्यास सुतक कसं पाळावं

ही वेळ कुणावरही येऊ शकते. चहाचा कप डाव्या हातात धरून तुम्ही रोजच्यासारखी क्रिकेटची साइट उघडता. उजव्या हाताचं बोट सवयीने वरच्या कोपऱ्यात जातं. तिथे कालपर्यंत धावफलक होता, आज एक हसरा माणूस आहे. तो फलंदाज नाही. तो तुम्हाला गुंतवणूक करायला सांगतोय. धावफलक खाली गेलाय. किती खाली, ते बोटाला अजून समजलेलं नाही. माथ्यावर पट्टी झळकतेय : 'आम्ही बदललोय, तुमच्यासाठी!'

घाबरू नका. हा लेख याच प्रसंगासाठी लिहिला आहे. साइट कोणती ते विचारू नका. गेलेल्याचं नाव घेऊ नये म्हणतात, आणि तशीही तुमची कुठली तरी असेलच.

सर्वात आधी, नवं रूप नीट बघू नका. बघितलं की मत पातळ होतं. 'हे जरा बरं केलंय' असली शंका एकदा मनात शिरली की शोकाचा पाया खचतो. दहा सेकंद पुरे. तेवढ्यात शाळेपासूनच्या मित्रांच्या ग्रुपवर 'वाट लावली' एवढे दोनच शब्द टाकावेत. कशाची, ते लिहू नये. ज्यांना कळतं त्यांना कळतं. ज्यांना कळत नाही ते फुटबॉल बघतात.

मग संपादकांना ईमेल. त्याची सुरुवात सेवाज्येष्ठतेने करायची असते : 'मी गेली बावीस वर्षं आपला वाचक आहे.' इथे एक धोका सांगून ठेवतो. तुमच्या ओळखीत न्यू जर्सीला राहणारा कुणाचा तरी दादा असणारच. १९९३ साली क्रिकइन्फो सुरू झाली, तेव्हा परदेशी विद्यापीठांत शिकणारी मुलं आयआरसीच्या चॅटवर बसून एकेक चेंडू हाताने टाइप करायची आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली तसलीच मुलं तो वाचायची. रंग नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. हा दादा त्या काळातला. तो आला की तुमची बावीस वर्षं बालवाडीत जमा. 'चित्रं आली तेव्हाच सगळं बिघडलं' असं तो म्हणेल. मान डोलवावी आणि त्याची झोपायची वेळ होईपर्यंत थांबावं.

ईमेलमध्ये काय लिहावं याचे दाखले अनेक आहेत, पण मोकळ्या जागेचा मुद्दा कधी वाया जात नाही. दोन ओळींच्या मध्ये एवढी जागा सोडलीय की पुण्यात तिथे टू बीएचके उभा राहिला असता, पार्किंगसकट. रंगाचा मुद्दाही घ्यावा. पूर्वीचा निळा गेला आणि जांभळा आला हे मी जवळजवळ एक पानभर लिहिलं होतं. 'डोळ्यांना त्रास होतो' हे वाक्य हमखास चालतं, कारण डोळे आपले आहेत आणि त्यांना काय होतं हे बंगळुरात बसून कुणाला तपासता येत नाही.

शेवटची ओळ : 'मी आजपासून आपली साइट कायमची सोडत आहे.'

सोडण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा एका डावातला ४५२ धावांचा विक्रम दोन-तीन षटकांच्या अंतरावर. आणि काठियावाडचा संघ सामना सोडून घरी गेला! आपल्याविरुद्ध विक्रम लागू नये म्हणून. साइट सोडताना हा बाणा ठेवावा. एक फरक मात्र आहे : काठियावाडवाले परत आले नाहीत. तुम्ही उपाहाराच्या सुमारास परत याल. मधल्या काळात दुसरी एक साइट उघडून बघाल. तिथे अक्षर जाड वाटेल, भारताच्या झेंड्याचा भगवा चुकल्यासारखा वाटेल आणि शिवाय तिथे कुणी ओळखीचं नसेल. सासुरवाडीच्या गावात दाढी करायला गेल्यासारखं होईल. परत आलात हे कुणाला सांगू नये. 'बघत होतो, सुधारले का' एवढं म्हटलं की भागतं.

आता जुन्या मांडणीचे गुण गायचे. हा भाग सर्वात सुखाचा, त्यामुळे घाई नको. १४ मार्च २००१ ही तारीख घ्या. ईडन गार्डन्स, चौथा दिवस. लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर खेळले, ३३५ धावा झाल्या, एकही गडी पडला नाही. तुम्ही अंधेरीच्या ऑफिसात होतात. साहेबांची केबिन मागे, म्हणून खिडकी काडेपेटीएवढी करून एक्सेलच्या आड ठेवलेली. पान वरून खाली शटरसारखं उतरत यायचं. आधी पट्टी, मग नावं, शेवटी आकडे. त्या आकड्यांच्या आधीच्या चार सेकंदांत तुम्ही जेवढे देव आठवलेत तेवढे दहावीच्या निकालालाही आठवले नव्हते. द्रविड खेळत असताना एफ-फाइव्ह कोणत्या बोटाने दाबायचा हेही ठरलेलं होतं, आणि बोट बदलून विकेट पडली तर सगळ्या मजल्याला कळायचं कुणामुळे पडली ते.

या साऱ्याचं श्रेय जुन्या मांडणीला द्यावं. लक्ष्मणला देऊ नये. त्या वर्षी तुम्ही सव्वीस वर्षांचे होतात, पट्टा दोन भोकं आत बसायचा, चष्मा लागला नव्हता आणि घरी फोन करून 'आज उशीर होईल' सांगण्यासारखं कुणीतरी होतं. हेही मांडणीच्याच खात्यात जमा करावं. नव्या पानावर यातलं काही सापडत नाही, मी सगळे मेनू उघडून पाहिले.

एकच पथ्य : आपले जुने ईमेल उघडू नका. मी उघडले. मागच्या वेळी रूप पालटलं तेव्हा मी लिहिलं होतं, 'हा भडक निळा डोळ्यांना त्रास देतो.' त्याच निळ्यासाठी मी परवा पानभर रडलो.

साइटवाल्यांची बाजू मांडायची म्हटली तर ती फार छोटी आहे. पूर्ण धावफलक एका नजरेत मावला की तुम्ही येता, बघता आणि आठ सेकंदांत निघून जाता. आठ सेकंदांत जाहिराती किती दाखवणार? म्हणून धावफलक खाली ढकलायचा, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यामागे एक टिचकी ठेवायची. म्हणजे तुम्ही शोधत बसता, आणि शोधत बसलात की त्यांच्या तक्त्यात 'वाचक रमले' अशी नोंद होते. तुम्ही रागाने वीस वेळा वर-खाली केलंत ते त्यांच्या हिशेबात प्रेमच धरलं जातं. बावीस वर्षांत तुम्ही या साइटला किती पैसे दिलेत, हा प्रश्न इथे कुणी काढू नये. सुतकात हिशेब काढत नाहीत.

दहाव्या दिवशी घाटावर, म्हणजे कट्ट्यावर, जमायचं. पिंड ठेवला तरी कावळा शिवत नाही असा अनुभव येईल. अशा वेळी एकेकाने पुढे होऊन आश्वासन द्यावं. 'जुना रंग परत आणतील.' कावळा ढिम्म. 'व्हिडिओ आपोआप सुरू होणार नाहीत.' मान वाकडी करून बघतो, पण येत नाही. 'आकडेवारीचं पान होतं तसं ठेवतील, आत शोधायच्या सगळ्या चौकटींसकट.' झेप! एका चोचीत पिंड साफ. मृताची इच्छा कुठे अडकली होती ते असं कळतं.

तक्रारीबद्दल मात्र एक तत्त्व सांगायचं राहिलं, आणि ते या लेखातलं सर्वात कामाचं आहे. तक्रार नेमकी असू नये. 'वाट लावली' चालेल, 'आत्मा गेला' चालेल, 'पूर्वीची मजा नाही' तर फारच उत्तम. नेमकी तक्रार दुरुस्त होण्याचा धोका असतो, आणि दुरुस्त झाली की तुमच्याकडे काय उरलं?

हे तत्त्व आमच्या घरी मोडलं गेलं. मोडलं अण्णांनी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

अण्णांना रंगाचं काही नव्हतं. त्यांनी आठव्या दिवशी टॅबलेट माझ्यापुढे धरला. 'अरे, निर्धावचा रकाना कुठाय?'

'कुठला?'

'षटकं आहेत. धावा आहेत. बळी आहेत. मधलं काय झालं?'

मी बघितलं. खरंच नव्हता. गोलंदाजाच्या नावापुढे चार आकडे असायचे, षटकं-निर्धाव-धावा-बळी (निर्धाव म्हणजे एकही धाव न दिलेली षटकं), वर्तमानपत्रात अगदी मुंगीच्या अक्षरात छापले तरी हेच चार, याच क्रमाने. आता तीन होते, आणि कडेला तांदळाएवढा एक बाण. आमच्या ग्रुपवर तोपर्यंत दीडशेच्या वर शोकसंदेश पडले होते. जांभळा रंग होता, गोल कोपरे होते, 'आत्मा' तर अकरा वेळा होता. रकाना गेला हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

'बाण दाबा,' मी म्हटलं. अण्णांनी दाबला. बाण आणि जाहिरात यांच्यात नखाएवढं अंतर होतं आणि अण्णांचं बोट काही नखाएवढं नाही. रमी खेळायचं ॲप उघडलं.

ते काही बोलले नाहीत. कपाटातून लांबोडकी वही काढली. किराणा दुकानात उधारीला असते तसली, पाठीला लाल कापड. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध. अण्णा सोळा वर्षांचे, रेडिओला कान लावून लिहिलेली पानं. निर्धाव चेंडूला एक ठिपका. षटकातले सहाही ठिपकेच आले, तीन वर आणि तीन खाली, की ते रेघेने जोडून इंग्रजी एम करायचा. विकेट असेल आणि धाव नसेल, तर तेच ठिपके उलटे जोडून डब्ल्यू. हे मला माहीत होतं, पण त्या पानावर काय होतं ते बघितलेलं नव्हतं. बापू नाडकर्णींच्या नावापुढे एम, एम, एम, एम. ओळ संपली की खालच्या ओळीत पुन्हा एम. सलग एकवीस. पेन्सिल मधेच बोथट झालेली, तेराव्यापासून रेघ जाड.

'काय लिहिणार हे आता?' अण्णा म्हणाले. 'बत्तीस षटकं, पाच धावा, शून्य बळी?'

नाडकर्णींचं पृथक्करण ३२-२७-५-०. दुसरा आकडा काढला की नाशिकचा एक डावखुरा गोलंदाज दिवसभर टाकून विकेट न मिळालेला माणूस होतो. कुंबळेला दिल्लीत दहा बळी मिळाले, तिथे २६.३-९-७४-१० यातला नऊ गेला तरी त्याचं भागतं, दहा बोलतात. नाडकर्णींकडे बोलायला तो रकानाच होता.

तर अशा प्रसंगी, वाचकहो, विषय बदलावा. मी ग्रुपवर ही गोष्ट टाकली. 'अरे हो की,' एक जण म्हणाला, 'पण तो जांभळा बघ ना.' मग पुन्हा जांभळ्यावर गाडी आली आणि मला हायसं वाटलं. संपादकांना रकान्याबद्दल वेगळं लिहिलं नाही. वर तत्त्व सांगितलंच आहे.

तेराव्याला गोड करावं. आमच्याकडे श्रीखंड होतं, आणि योगायोगाने कसोटीही सुरू होत होती. नऊला नाणेफेक. आठ पन्नासला मी साइटच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं, उरलेलं ब्राउझरने स्वतःच पुरं केलं. त्याच्यापर्यंत माझा कायमचा निरोप पोचलेला नव्हता. अण्णांनी नव्या पानावर पट्टीने रकाने आखले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि पेन्सिलीला टोक काढून बसले.

पहिलं षटक निर्धाव गेलं. अण्णांनी ठिपके जोडले. मी पान रिफ्रेश केलं. हसरा माणूस आला, आणि त्याच्या खाली कुठेतरी सामना सुरू झाला असावा. मी बोट घेऊन खाली उतरू लागलो.

'किती झाले?' आतून हिने विचारलं.

'थांब, शोधतोय,' मी म्हटलं. अण्णा म्हणाले, 'शून्य.'