एआयला मोकळं सोडा म्हणणाऱ्यांना तासगावातून उत्तर

द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘चीनमध्ये एआयला नियम नाहीत, म्हणून ते पुढे गेले. मशीन पक्षपात करत नाही. नियम आणाल तर शेतकरी मागे पडेल. ॲप चुकीचं निघालं तर लोक आपोआप सोडतील.’

चीनबद्दलचं विधान सरळ खोटं आहे. तिथे जनरेटिव्ह एआयची, म्हणजे मजकूर-चित्रं तयार करणाऱ्या एआयची, नियमावली १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे.

पक्षपाताचं म्हणाल तर नेदरलँड्सकडे बघा. बालसंगोपन अनुदानातली लबाडी हुडकायला तिथल्या करखात्याने अल्गोरिदम लावला, त्यात नागरिकत्व हाही निकष होता. त्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसून वसुली निघाली. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला.

नियमांनी मागे पडतो, हे तरी आपल्या भागातल्या माणसाने म्हणू नये. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली होती. त्यानंतर रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांची, तपासणी कडक झाली. आज युरोपला माल पाठवायचा तर प्लॉटची नोंदणी लागते, नमुना पास व्हावा लागतो. त्याच कागदांच्या जोरावर आपला माल तिकडे विकला जातो.

राहिलं ‘लोक आपोआप सोडतील’. कधी? बाग हातची गेल्यावर? फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो. पानाच्या वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी. समजा, एखाद्याने पान उलटं करून त्या पांढऱ्या बुरशीचाच फोटो टाकला आणि ॲपने भुरी हा दुसराच बुरशीचा रोग ठरवून गंधक मारायला सांगितलं. गंधक डाऊनीवर चालत नाही. तोवर रोग घडात उतरतो, आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो. औषधाच्या बाटलीवर कंपनी, बॅच नंबर, पीक आणि मात्रा छापलेली असते, कारण १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. पक्कं बिल घेऊन कृषी खात्याकडे तक्रार करता येते. ॲपच्या सल्ल्याची तक्रार कुठे करायची?

कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची माहिती दिली, तेव्हा बॉट स्वतःच जबाबदार आहे असा बचाव कंपनीने केला होता. २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळला. आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याने असं भांडत बसायचं का?

एआय मला हवंच आहे. बारामतीत उसावर चाललेल्या प्रयोगांकडे मी आशेने बघतो. रोगाचा अंदाज दोन दिवस आधी मिळाला तर कितीतरी फवारण्या वाचतील. पण पिकाला औषध सुचवणाऱ्या प्रत्येक ॲपने ते कुठल्या भागातल्या बागांवर तपासलं, किती वेळा चुकलं आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे जाहीर करण्याची सक्ती हवी, आणि ती पुढच्या फळछाटणीआधी हवी.