चाळीस लिटर शेवाळ

गेल्या गणपतीत मामा दर्शनाला आले. आरती झाली, मोदक झाले, मखराचं कौतुक झालं. मग हॉलच्या कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपुढे उभे राहून त्यांनी विचारलं, "ह्यात काय भिजत घातलंय?"

मी बाही वर सारली, टाकीमागे याच कामासाठी ठेवलेलं मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतलं आणि आतून काचेवर चार बोटं रुंदीची पट्टी खरवडली. त्या पट्टीतून एक निऑन टेट्रा आमच्याकडे बघत गेला, खाली कोण भांडतंय म्हणून गॅलरीतून डोकावून जावं तसा. "मासे आहेत मामा," मी म्हणालो, "नऊ आहेत." मामांनी मान हलवली. दवाखान्यात पेशंटला बघून बाहेर आल्यावर हलवतात तशी.

टाकी दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. म्हणजे हिशेबाने चाळीस लिटर; वाळू, दगड आणि लाकडाचं खोड वजा केलं तर तीसच्या आसपास. "छोटीच घे, सांभाळायला सोपी," असं मला चौघांनी सांगितलं होतं आणि त्या चौघांपैकी एकाकडेही टाकी नव्हती. प्रत्यक्षात उलटं असतं. दोनशे लिटरच्या टाकीत चिमूटभर खाणं जास्त पडलं, एखादं पान कुजलं, तर ते एवढ्या पाण्यात खपून जातं. चाळीस लिटरमध्ये त्याच चिमटीने राडा होतो. वाड्यात एखादी आत्या रुसली तर रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाच्या लक्षात येत नसे. वन बीएचकेमध्ये चमचा जरा जोरात ठेवला तरी घर हादरतं.

मला हौस माशांपेक्षा झाडांची. पाण्याखालचं रान करायचं, हे वेड जगाला लावलं ते ताकाशी अमानो नावाच्या जपानी छायाचित्रकाराने. 2015 साली, गेला त्याच वर्षी, त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांबीची टाकी सजवली. पाणी एक लाख साठ हजार लिटर. फोटो बघितले तर काच आहे की नाही कळत नाही, इतकी स्वच्छ. माझ्याकडे बरोबर चार हजार पटींनी कमी काम होतं. म्हटलं, जमेल.

अनुबियास आणलं, जावा फर्न आणलं, वॅलिसनेरियाच्या रिबिनी लावल्या, खोडाला दोऱ्याने मॉस बांधलं. यातलं काहीही वाढलं नाही. न लावलेलं मात्र फोफावलं. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून आम्ही तासातासाला बघायला जायचो, उगवलं का, उगवलं का. भाऊबीज उलटली तरी गड बोडकाच. आणि इथे कोणी काही पेरलं नव्हतं, कोणी वाट बघत नव्हतं, तरी नवव्या दिवशी सगळ्या दगडांवर साय.

पहिली साय तपकिरी होती. तिला डायटम म्हणतात. एकेक पेशी स्वतःभोवती सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच, कवच करून राहते. नव्या टाकीत ती येते आणि काही आठवड्यांत आपली आपण जाते. नव्या सुनेला भेटायला येणाऱ्या शेजारणींसारखी. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी तो आठवडा दगड बाहेर काढून घासण्यात घालवला नसता.

ती गेली आणि हिरवी धूळ आली. ही काचेवर बसते, हात लावला की उडते आणि संध्याकाळपर्यंत परत काचेवर. तिच्यामागून हिरवे ठिपके. हे उडत नाहीत. यांना ब्लेडच लागतं. मग केसाळ शेवाळ. ते मात्र काढायला मजा येते हे कबूल केलं पाहिजे. जुना टूथब्रश खुपसायचा, गोल फिरवायचा, की जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखं लांबलचक हिरवं बाहेर येतं. एका रविवारी मी ते इतक्या तल्लीनतेने केलं, की निम्मं मॉसही गुंडाळून आलं.

आणि मग अनुबियासच्या पानांच्या कडांना काळी दाढी फुटली.

काळी दाढी हे प्रकरणच वेगळं. दिसायला काळं, पण मूळ कुळ लाल शेवाळांचं. जिवंतपणी कबूल करत नाही, मेल्यावर गुलाबी पडतं. ब्रशने निघत नाही, ओढलं तर पान येतं. त्यावर उपाय म्हणजे 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजमध्ये भरायचं, फिल्टर थोडा वेळ बंद ठेवायचा आणि नेमकं दाढीवर हळूहळू सोडायचं. औषधाच्या दुकानात गेलो.

"पेरॉक्साइड आणि बिनसुईची सिरिंज द्या."

"जखम केवढी आहे?"

"जखम नाही. दाढी आहे."

त्याने माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे बघितलं आणि न बोलता बाटली पुढे केली.

दाढी गुलाबी झाली, मी घरभर सगळ्यांना बोलावून दाखवली. पंधरा दिवसांनी शेजारच्या पानावर नवी.

तेव्हा कोणीतरी सांगितलं की झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. झाडं उपाशी राहिली की शेवाळाचं फावतं. हे खरं आहे. त्यासाठी सिलिंडर मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी बाटलीचा मार्ग धरला. दोन लिटरची बाटली, साखर, कोमट पाणी, अर्धा चमचा यीस्ट, झाकणाला भोक पाडून नळी. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, वायू टाकीत जातो. बाटलीत काय उरतं हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिला ते चौथ्या दिवशी वासावरून कळलं. "देवघराच्या भिंतीला लागून हातभट्टी?" असं ती म्हणाली, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती चुकत नव्हती. शिवाय ही बाटली दोन दिवस जोरात चालायची, मग ढिम्म. असा चढउतार काळ्या दाढीला भलताच मानवतो, हे मला नंतर समजलं. म्हणजे तिला मारायला जे आणलं ते तिचं टॉनिक निघालं.

दरम्यान वाळूवर निळसर हिरवी, बुळबुळीत चादर पसरू लागली होती. वासाला कुबट. तपास केला तर हे शेवाळच नाही म्हणे, हे सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या पूर्वजांनी सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली. आपण सगळे आज श्वास घेतोय ती त्यांची मेहेरबानी. आणि मी त्यांच्याशी ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर जुना टूथब्रश घेऊन लढत होतो.

यावर उतारा अंधाराचा. तीन दिवस टाकी पूर्ण झाकायची, दिवा नाही, खाणं नाही, डोकावणं नाही. मी कपाटातून सोलापुरी चादर काढली आणि चारही बाजूंनी घट्ट गुंडाळली. कोपऱ्यात काहीतरी आडवं, चादरीने झाकलेलं, आणि घरात सगळे हळू आवाजात बोलतायत. खालच्या मजल्यावरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातूनच "कधी झालं?" म्हणाल्या. तीन दिवसांनी चादर काढली तेव्हा वाळू स्वच्छ होती, मासे जरा फिकट पण खडखडीत. मी आंघोळ करून पेढे आणले. महिन्याने चादर पुन्हा पसरली. सोलापुरी नव्हे, दुसरी.

आता सैन्य आणायचं ठरलं. क्रॉफर्ड मार्केटला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, सकर घेऊन जा. काच चाटून साफ." दोन इंचांचा, काटेरी, तोंड खाली असलेला एक गरीब जीव त्याने पिशवीत घालून दिला. आठवडाभर त्याने खरंच काच चाटली. मग त्याला कळलं की या घरात माशांना तीन वेळा खाणं पडतं (हे मला अजून कळायचं होतं), आणि त्याने काचेचं काम सोडून दिलं. हा मासा पुढे फूटभरापेक्षा मोठा होतो आणि माझी टाकी दीड फुटाची. वळताना त्याने वॅलिसनेरिया उपटली. शेजारचे काका म्हणाले, "एवढी तळी आहेत ठाण्यात, सोडून दे एकात." नाही. हे दक्षिण अमेरिकेचं पाहुणं असंच कोणी कोणी सोडून दिल्यामुळे आपल्या नद्या-तलावांत पसरलंय आणि मच्छीमारांची जाळी फाडतंय. माझ्या हातून आयुष्यात फारसं समाजकार्य झालेलं नाही, पण त्या माशाला मी परत लोकलने माहेरी पोचवून आलो.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. बदल्यात, वर आणखी सहाशे घेऊन, सहा कोळंब्या दिल्या. "अमानो" म्हणाला. त्याच जपानी अमानोने शेवाळ खाण्याच्या कामावर पहिल्यांदा नेमलेली, म्हणून तिला त्याचं नाव. बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी आरपार. ऑक्सिजन भरून टम्म फुगवलेली पिशवी छातीशी धरून मी संध्याकाळच्या स्लो लोकलमध्ये चढलो. भायखळ्यापर्यंत उभा. दादरला डब्यात जी लाट आली तिने मला आणि पिशवीला दरवाज्यापासून खिडकीपर्यंत नेऊन ठेवलं. कुर्ल्याला एका गृहस्थांनी विचारलं, "काय आहे?"

"कोळंबी."

"जिवंत? वाटा कितीला?"

"सहाशे."

त्यांनी पिशवी उजेडाकडे करून मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग शेजारच्याला दाखवली. मुलुंड येईपर्यंत अर्ध्या डब्याने मोजून झाली होती आणि मला फसवलंय यावर एकमत झालं होतं. घरी आईने एकदाच नजर टाकली. "हा तर जवळा," ती म्हणाली, "आणि तोही एका भाकरीला पुरणार नाही."

पण जवळा कामाला लागला. सहाच्या सहा दिवसरात्र पुढचे हात चालवत होत्या, पापड लाटायला बसलेल्या बायकांसारख्या, मान वर नाही. केसाळ शेवाळ आठवड्यात ओसरलं. आणि केसाळच नव्हे, काचेवरची धूळ थांबली, ठिपके वाढेनात. काळी दाढी कोळंब्या सहसा तोंडात धरत नाहीत, तर तीही विरळ झाली. महिनाभरात टाकी अशी झाली की मी मामांना मुद्दाम व्हिडिओ कॉल लावला. त्यांना पेरॉक्साइड, अंधार, कोळंबी, पाणी बदलायचं वेळापत्रक, सगळं सविस्तर सांगत होतो, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "आणि दिव्याचं सांग ना."

"कसला दिवा?"

"टाकीवरचा. दुपारी मी बंद करते. झोपताना डोळ्यांवर येतो मेला. पडदाही ओढून घेते."

"कधीपासून?"

"झाला की महिना. तू ऑफिसला गेलास की साडेबाराला बंद करायचा, पाचला चहाच्या वेळी लावायचा. तुला वाटेल मी बिलासाठी करते. बिलासाठीच करते."

मी हिशेब केला. झाडांना भरपूर प्रकाश हवा हे चौथीच्या पुस्तकात शिकल्यापासून माझा दिवा सकाळी दहा ते रात्री दहा जळत होता, वर पश्चिमेच्या खिडकीतून तासभर ऊन. लहान टाकीला सहा ते आठ तास पुरतात. बारातून साडेचार गेले, साडेसात उरले. मी तीन हजारांचा दिवा आणून शेवाळाला ओव्हरटाइम देत होतो आणि आईने तो बंद केला, इतकंच झालं होतं.

चौकशी सुरूच केली होती तर ती पूर्णच केली. आई सकाळी पूजा आटोपली की माशांना चिमूटभर घालायची, कारण मुक्या जिवाला घालावं. मुलगी शाळेतून आल्यावर घालायची, कारण ते तोंड उघडझाप करून मागतात. मी रात्री घालायचो, कारण दिवसभर बिचारे उपाशी. नऊ माशांच्या नऊ पोटांत मावेल ते दोन मिनिटांत संपतं. उरलेलं तळाशी बसून कुजत होतं आणि शेवाळाला खत मिळत होतं. त्याच महिन्यात मुलीला स्केटिंगचं वेड लागलं आणि आईचा गुडघा धरला, त्यामुळे टाकीपर्यंत जाणं कमी झालं. मामा फोनवर अजून होते. "म्हणजे तू काय केलंस?" त्यांनी विचारलं. नेटवर्क गेलं असं मी सांगितलं.

आता टाकी आरपार दिसते. वॅलिसनेरियाच्या रिबिनी वरपर्यंत आल्यात, दर रविवारी काढलेलं बादलीभर पाणी घातल्याने गॅलरीतला मोगरा वेड्यासारखा फुललाय. फक्त कोळंब्या अस्वस्थ आहेत. सहाही जणी एकाच पानावर रांगेने बसून पुढचे हात हवेत चालवतात. खायला काही उरलेलंच नाही. उकडलेला पालक दिला, दुधी दिला. हुंगून सोडला. यावर जाणकारांचा तोडगा असा, की बरणीत पाणी भरून त्यात दगड ठेवावा, बरणी उन्हात ठेवावी, दगडावर शेवाळ धरलं की तो दगड टाकीत सोडावा.

पश्चिमेच्या त्याच खिडकीत मी बरणी ठेवली. पाण्यात खताचे दोन थेंब, चिमूटभर खाणं. आज सोळावा दिवस. दगड लख्ख आहे. इतका लख्ख की देवघरात ठेवावा. मी सकाळी बघतो, ऑफिसला निघताना बघतो, आल्यावर चपला काढायच्या आधी बघतो.

काल आईने विचारलं, "बरणीत काय मुरत घातलंयस?"

"दगड."

"कशाला?"

"शेवाळ यावं म्हणून."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता उठली, बरणी उचलली, ऊन जास्त वेळ टिकतं त्या बाजूला लोणच्याच्या बरणीशेजारी सरकवली आणि तोंडाला दादरा बांधून टाकला.