दातांच्या यंत्रांविषयी फिरणाऱ्या संदेशातील चार विधाने

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. दातांच्या एक्स-रेने कर्करोग होतो म्हणून तो काढू देऊ नका. लेझर आल्यामुळे ड्रिल कालबाह्य झाले. इम्प्लांटमुळे, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूमुळे, एका दिवसात कायमचे दात मिळतात. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता सारे रोग ओळखत असल्यामुळे दंतवैद्याकडून तपासून घेण्याची गरज नाही, अशी चार विधाने त्यात आहेत. लालबागमध्ये अनेक वर्षे दंतवैद्यक करत असल्यामुळे मला या संदेशाची खरोखर काळजी वाटते, कारण जे उपयोगाचे आहे त्याची तो भीती घालतो आणि जे यंत्राला जमत नाही त्याची हमी देतो.

पहिले विधान एक्स-रेविषयीचे. १८९६ मध्ये जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले होते. आज आरव्हीजीच्या, म्हणजे दातांच्या डिजिटल एक्स-रे यंत्राच्या, सेन्सरला सेकंदाचा अंश पुरतो. अशा एका लहान डिजिटल एक्स-रेतून मिळणारी मात्रा साधारण ५ मायक्रोसीव्हर्ट (हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट, हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) किंवा त्याहूनही कमी असते, तर निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला ६ ते ७ मायक्रोसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनची मात्रा मात्र बरीच जास्त असते आणि तो कारणाशिवाय काढू नये, हे मान्यच आहे. दोन दाढांच्या मधली कीड नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. एक्स-रे नाकारला की ती कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचते आणि जिथे साध्या फिलिंगने भागले असते तिथे रूट कॅनाल करावे लागते. या यंत्रांवर अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते, आणि यंत्राची नोंदणी झाली आहे का, हे रुग्णाने दवाखान्यात अवश्य विचारावे.

लेझरबाबत थोडक्यात सांगते. हिरड्यांच्या कामात आणि काही लहान किडींसाठी तो चांगला चालतो. पण जुने चांदीचे फिलिंग काढताना किंवा कॅपसाठी दात घडवताना ड्रिलच हाती घ्यावे लागते.

इम्प्लांटच्या विधानात अर्धे सत्य आहे. सीबीसीटी आणि तोंडातल्या स्कॅनरच्या आधारे जबड्यातली नस कुठून जाते हे आधीच पाहता येते आणि त्यानुसार थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या गाइडमधून, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या साच्यातून, स्क्रू योग्य कोनात बसवता येतो, हा मोठाच फायदा आहे. पण स्वीडिश डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेव्हा हाडाला त्याच्याशी एकजीव व्हायला महिने लागत होते आणि आजही लागतात. त्याच दिवशी दात बसवले जातात ते निवडक रुग्णांना, आणि बहुधा तात्पुरते. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा धूम्रपान सुरू असेल, तर अपयशाची शक्यता वाढते.

चौथे विधान मला सर्वांत धोकादायक वाटते. एक्स-रेवरची संशयास्पद जागा खुणेने दाखवणारी सॉफ्टवेअर आली आहेत आणि थकलेल्या डोळ्यांना त्यांची मदत होते, हे मी मान्य करते. मात्र एक्स-रेत हाड आणि दात दिसतात; गालाच्या आतला पांढरा चट्टा, जिभेखालचा कडकपणा, मानेतली गाठ त्यात उमटत नाही. मशेरी, गुटखा आणि तंबाखू-चुन्याची सवय असलेल्या या शहरात मी प्रत्येक नव्या रुग्णाचा गाल बोटांनी चाचपते आणि तोंडात स्वतःची तीन बोटे उभी घालून दाखवायला सांगते, कारण गुटख्याने गालाची आतली त्वचा आखडली की तोंड उघडणे कमी होत जाते. दात एकही किडलेला नसताना हा आजार सुरू झालेला असू शकतो. ज्यांची बोटे आत जात नाहीत, किंवा ज्यांच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, त्यांनी त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी तपासणी होते.