टकटकणारी हार्ड डिस्क आणि फ्रीजरचा उतारा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज दर थोड्या दिवसांनी उगवतो. मजकूर साधारण असा: लॅपटॉपमधून टकटक आवाज आला की हार्ड डिस्क गेली समजा. ती काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. तरी हलली नाही तर हळूच टपली मारा. चालू झाली की लगेच चेकडिस्क चालवा, दुकानदाराचे हजारो रुपये वाचतील. खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'. पाठवण्याआधी जरा थांबा.

'टकटक म्हणजे डिस्क गेली.' आधी लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क आहे का, ते तरी बघा. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसतो, त्यामुळे ती टकटक करूच शकत नाही. तिथे बहुधा पंख्याच्या पात्याला एखादी वायर घासत असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी (फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क) ते लिहिलेलं असतं.

एचडीडी असली तरी काम थांबल्यावर अधूनमधून येणारी एखादी मऊ 'टक' म्हणजे वाचणारं हेड बाजूला जाऊन बसल्याचा आवाज. काही लॅपटॉप तर उचलले किंवा हलवले तरी हेड तातडीने बाजूला घेतात. धास्ती घ्यायची ती ठेक्यातल्या आवाजाची: डिस्क फिरू लागते, टक-टक-टक, मग गप्प होते, पुन्हा तेच, आणि विंडोज लोगोपाशीच अडकतं. हेडला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत, म्हणून हेड धरणारा आर्म मागे जाऊन अडणीवर आदळतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोध घेतो.

बाहेरून जोडायची डिस्क असेल तर आणखी एक शक्यता राहते. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. सुरू होताना लॅपटॉपची डिस्क त्याच्या दुप्पटही मागू शकते. हबमध्ये लांब केबलने लावली की तिला वेग घेता येत नाही आणि ती टकटकत बसते. केबल आखूड घ्या, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, मग काय ते ठरवा.

'फ्रीजरमध्ये ठेवा.' हा उतारा जुन्या डिस्कांच्या काळातला. तेव्हा बंद डिस्कचं हेड चकतीवरच टेकायचं आणि कधी कधी चिकटून बसायचं. गारठ्याने ते सुटल्याचे किस्से तेव्हाचे. आताच्या लॅपटॉप डिस्कमध्ये हेड चकतीबाहेर रॅम्पवर, म्हणजे छोट्या उतरणीवर बसतं, त्यामुळे सोडवायला सहसा काही चिकटलेलंच नसतं. शिवाय ही डिस्क हवाबंद नसते. तिला फिल्टर लावलेलं बारीक छिद्र असतं, 'हे झाकू नका' असं वर छापलेलंही असतं. जुलैतल्या पुण्याच्या दमट हवेत फ्रीजरमधून काढलेल्या पेल्याला घाम फुटतो, तसा तो डिस्कच्या आत चकतीवरही फुटू शकतो. हेड चकतीपासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगतं. त्याला तेवढा ओलावा पुरतो.

टपलीबद्दल काय बोलायचं! लॅपटॉप डिस्कच्या चकत्या बहुतेक वेळा काचेच्या असतात.

'चेकडिस्क चालवा.' मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हा, कारण तो शहाणपणाचा वाटतो. विंडोजमधलं चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं, डिस्क नव्हे. तेही त्याच आजारी डिस्कवर लिहून, आणि खोल तपासणी निवडली तर कोपरान् कोपरा वाचायला लावून. डिस्क अजून दिसत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांचा हिशेब देणाऱ्या ओळी बघा. सी५ शून्य नसेल तर आधी फोटो, टॅलीचा डेटा, प्रबंध दुसरीकडे काढा. कॉपी मध्येच अडकत असेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून डीडीरेस्क्यू हा डेटा उचलणारा प्रोग्रॅम वापरा. ते सहज निघतं तेवढं आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. ठेक्यातली टकटक सुरू झाली असेल तर मात्र यातलं काहीच नको. लॅपटॉप बंद करा.

राहिले हजारो रुपये. डिस्क बदलणं आणि डेटा काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. टिळक रोडवर नवी डिस्क बसवून मिळेल, पण हेड बदलायला धूळमुक्त जागा आणि जुळणारी दुसरी डिस्क लागते, आणि ते खरोखरच महाग पडतं. 'सेम मॉडेलचं सर्किट टाकतो' म्हणणाऱ्याला विचारा, जुन्या सर्किटवरची रॉम चिप नव्यावर घेणार का? त्या डिस्कपुरती जुळवणी तिच्यात असते. आणि कोणी काउंटरवरच स्क्रू खोलायला लागला, तर डिस्क परत मागा.