जुन्या खासदाराला पाडायचं तर शिव्याच लागतात म्हणे!

निवडणूक लोकसभेची असो की महापालिकेची, इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर ठरल्या वेळी उगवतो. शब्द बदलतात, सार तेच राहतं. वीस-पंचवीस वर्षं खुर्चीवर बसलेला नेता सभ्यपणे हरत नाही. मुद्दे कोणी ऐकत नाही. सभ्यता ही त्याचीच ढाल आहे. तेव्हा त्याचं वय, घर, पोरं सगळं चव्हाट्यावर आणा, निवडणुकीत सगळं माफ असतं. आणि शेवटी पुरावा म्हणून ‘डबरा आठवा’ (मध्य प्रदेशातली विधानसभेची एक जागा, तिचं शेवटी) अशी शेपटी.

यातलं पहिलं विधान इंदुरात बसून कोणी पुढे पाठवावं, याचं नवल वाटतं. 1989 साली इथे समोर प्रकाशचंद्र सेठी होते. राज्याचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री, याच शहराचे अनेकदा निवडून आलेले खासदार. त्यांच्याविरुद्ध सुमित्रा महाजन: माहेर चिपळूणचं, सासर इंदूरचं, उपमहापौरपद भूषवलेलं आणि 1985ची विधानसभा हरलेली. त्या प्रचाराची जी गोष्ट शहरात अजून सांगतात ती किल्लीची आहे. सेठीजी, आता इंदूरची किल्ली सुनेच्या हाती द्या. ताई लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या आणि त्यानंतरच्या सात निवडणुकाही जिंकल्या. काँग्रेसविरोधी वारं त्या वर्षी देशभर होतंच, ते कोणी नाकारत नाही. पण वारं असतानाही शीड कसं बांधायचं हे ठरवावं लागतं.

ते किल्लीचं वाक्य जवळून पाहा. ‘तुमचं आता पुरे झालं’ हे त्यात स्वच्छ म्हटलंय. मऊपणा मुळीच नाही. मात्र कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेकडे देणाऱ्या सासूचा घरात मान राहतो, आणि ही रीत ज्या घरांत ठाऊक होती त्या घरांतूनच मतं हवी होती. सेठींना वर्षानुवर्षं मत देणाऱ्या माणसाला, ‘मी इतकी वर्षं मूर्ख होतो’ असं कबूल न करता बाजू बदलता आली. जुन्या नेत्यावरच्या शिवीची खरी अडचण इथे आहे. ती त्याला लागण्याआधी त्याच्या मतदाराला लागते.

आणि त्या मतदाराशिवाय गणित जुळत नाही. समजा मागच्या खेपेला 20,000 मतांचं अंतर होतं. त्याच्याकडचे 10,001 तुमच्याकडे आले की निवडणूक फिरली, कारण प्रत्येक जण त्याचं एक मत कमी करतो आणि तुमचं एक वाढवतो. तेच अंतर नव्या मतदारांच्या जोरावर तोडायचं तर 20,001 लागतात, तेही सगळेच्या सगळे तुमचे. बूथवार मतं फॉर्म 20 मध्ये मिळतात. मागच्या दोन निवडणुकांचे तक्ते शेजारी ठेवा आणि त्याची मतं घसरलेले बूथ आधी निवडा. फक्त बूथ क्रमांकावर विसंबू नका. याद्यांची फेरमांडणी झाली की क्रमांक सरकतात, म्हणून शाळेची इमारत आणि मोहल्ला जुळवून पाहा. अशा बूथवर वीस वर्षांत त्या नेत्याने कोणाच्या लग्नात आहेर केलेला असतो, कोणाला दवाखान्यात खाट मिळवून दिलेली असते. तिथे त्याच्या बायकोवर विनोद करून पाहा, दार आपटल्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येईल.

आता ढालीचं. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. कसलाही टोकदार प्रश्न आला की ‘वैयक्तिक टीका, वैयक्तिक टीका’ म्हणून ओरडायची सवय जुन्या नेत्यांना असतेच. पण म्हणून वैयक्तिक टीकाच करा, हा निष्कर्ष उफराटा झाला. तुम्ही त्याला हवी तीच पळवाट देता. रस्त्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि तो चार दिवस आईच्या अपमानावर बोलतो. रेघ कुठे आहे ते आदर्श आचारसंहितेच्या पहिल्याच भागात आहे: टीका धोरणं, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांवर असावी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खाजगी आयुष्य सोडावं, पडताळणी न केलेले आरोप टाळावेत. कोणाच्या मतांचा निषेध म्हणून त्याच्या घरासमोर धरणं धरू नये, हेही तिथेच. ‘संबंध नसलेलं’ हा शब्द महत्त्वाचा. मुलाचं लग्न कोणाशी झालं हे खाजगी. त्याच मुलाच्या कंपनीला वडील ज्या समितीत बसतात तिथून कंत्राट मिळालं तर ते खाजगी नाही. शपथपत्रात लपवलेला प्लॉट खाजगी नाही. प्रलंबित फौजदारी खटला खाजगी नाही. हे विचारताना आवाज चढला तरी हरकत नाही.

‘मुद्दे कोणी ऐकत नाही’ ही तक्रार बहुधा मुद्दे न खणणाऱ्यांची असते. खणायचं तर काम चिकाटीचं आहे, आणि त्यात पाय घसरायच्या जागाही पुष्कळ.

हजेरीपासून बघा. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराची हजेरी आणि प्रश्न दोन्ही मिळतात. पण मंत्री आणि अध्यक्ष हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. ताई 2014 ते 2019 लोकसभाध्यक्ष होत्या. त्या काळासाठी ‘पाच वर्षांत एकही प्रश्न नाही’ असं कोणी छापलं असतं तर ते शब्दशः खरं आणि अर्थाने साफ खोटं ठरलं असतं. समोरच्या एका वकिलाने हे दाखवून दिलं की तुमची उरलेली पाच खरी वाक्यंही गेली.

खासदार निधीतही असाच खड्डा आहे. वर्षाला 5 कोटी, म्हणजे पाच वर्षांचे 25 कोटी, असा हिशोब करून ‘बाकीचे 8 कोटी कुठे गेले?’ असं 2019 ते 2024च्या खासदाराला विचारणारे खूप भेटतात. कोरोनामुळे 2020-21 मध्ये निधी बंद होता, 2021-22 मध्ये नोव्हेंबरात सुरू झाला तेव्हा फक्त 2 कोटी मिळाले. एकूण हक्क 17 कोटींचाच. शिवाय खासदार कामाची शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. म्हणून नेमका प्रश्न असा: 17 पैकी किती कोटींच्या शिफारशी गेल्या, कोणत्या वर्षी, आणि निवडणुकीच्या वर्षात त्यांचा ढीग का लागला?

संपत्तीचं तर विचारूच नका. ‘दहापट झाली’ ही ओळ सगळ्यांना आवडते. फॉर्म 26 च्या शपथपत्रात उमेदवार, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेले यांचे वेगळे रकाने असतात. कमावता, स्वतंत्र मुलगा त्यात येत नाही. जुनी तीन-चार शपथपत्रं काढा आणि रकान्याला रकाना लावा. वडिलोपार्जित जमिनीचा भाव वाढला ती वाढ एका बाजूला, खुर्चीवर असताना नव्याने घेतलेली मालमत्ता दुसऱ्या बाजूला. बोलायचं ते दुसऱ्या बाजूबद्दल, आणि प्राप्तिकर विवरणातल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून.

निविदा, बिलं, समितीच्या बैठकींची टिपणं हवी असतील तर माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपये आणि उत्तराला 30 दिवस. उत्तर टाळलं तर पहिलं अपील, त्यात आणखी महिना-दीड महिना. उमेदवारी अर्ज ते मतदान यात काही आठवडेच असतात. म्हणजे सुरुवात किमान सहा महिने आधी हवी. शेवटच्या पंधरा दिवसांत जागं झालेल्याच्या हाती शिव्यांशिवाय काही नसतं, आणि मग तो त्यालाच रणनीती म्हणतो.

पत्रकावर हे कसं उतरतं? ‘बापलेक मिळून शहर खातायत’ हे वाक्य खोडा. त्या जागी लिहा: अमुक रस्ता, निविदा क्रमांक अमुक, काम अमुक कंपनीला, त्या तारखेला कंपनीत चिरंजीव भागीदार, मंजुरी देणाऱ्या समितीत हे स्वतः हजर. प्रत्येक जागेपुढे कागद हवा. शेवटची जागा भरता येत नसेल तर पत्रक छापखान्यात पाठवू नका, कारण मग उरतो तो फक्त धंदा करणारा एक मुलगा. आणि ‘हे’, ‘त्यांनी’ असाच उल्लेख ठेवा. इथल्या मराठी वस्त्यांत सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे केलेलं वाचून त्याचे विरोधकही कपाळाला आठ्या घालतात.

‘निवडणुकीत सगळं माफ’ हे कायद्याने कधीच नव्हतं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127क खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापण्याआधी प्रकाशकाला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीसह दोन प्रतींत घोषणापत्र मुद्रकाला द्यावं लागतं. निनावी चिठ्ठ्या वाटणारे हेच विसरतात. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं आहे हे ठाऊक असताना, किंवा खरं वाटत नसताना, निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून केलेलं विधान कलम 123(4) खाली भ्रष्ट आचरण ठरतं. ते उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्याने केलं तरी. निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका, सिद्ध झालं तर निवड रद्द आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता. अशा याचिका रेंगाळतात आणि सिद्ध करणं कठीण जातं, हा मजकूरवाल्यांचा टोमणा बरोबर आहे. म्हणून बदनामीचं कलम विसरू नये: भारतीय न्याय संहितेचं 356, दोन वर्षांपर्यंत कैद. तिथे विधान नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. आणि दोन वर्षं हा आकडा साधा नाही, तेवढी शिक्षा झाली की लोकप्रतिनिधी अपात्र होतो. 2019च्या कर्नाटकातल्या प्रचारसभेतल्या आडनावावरच्या एका वाक्याबद्दल सुरतच्या न्यायालयाने 23 मार्च 2023ला राहुल गांधींना नेमकी तेवढीच शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली. 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. शिक्षा योग्य होती की नाही यावर वाद घाला, पण ‘माफ’ होतं असं कोणी म्हणू नये.

राहिलं डबरा. ग्वाल्हेर जिल्ह्यातली ही जागा, इमरती देवी 2008, 2013 आणि 2018 अशा तीनदा काँग्रेसकडून निवडून आलेल्या. 2020 मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या, पोटनिवडणूक लागली, आणि सभेत काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री कमलनाथ त्यांना ‘आयटम’ म्हणाले. इमरती देवी हरल्या, म्हणून मजकूरवाले म्हणतात, पाहा, चाललं की नाही! पण ती जागा आधीच्या तीनही वेळा काँग्रेसचीच होती, तशीच राहिली. त्याच दिवशीच्या राज्यातल्या 28 पोटनिवडणुकांत भाजपने 19 जिंकल्या. अपमानाने डबरा जिंकला असेल तर बाकीच्या जागांवर तो कुठे गेला होता? उलट, पक्षबदलाचा आयता सार्वजनिक मुद्दा हातात असताना दोन आठवडे चर्चा एका शब्दाची झाली. इमरती देवींनीही कमलनाथांच्या घरच्या बायकांवर घसरून आपल्यावर एक दिवसाची प्रचारबंदी ओढवून घेतली. 30 ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने आचारसंहितेच्या वारंवार उल्लंघनासाठी कमलनाथांचा स्टार प्रचारकाचा दर्जा काढला, म्हणजे त्यांच्या दौऱ्याचा खर्च त्या-त्या उमेदवाराच्या खात्यावर. सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली ती 2 नोव्हेंबरला. मतदान 3 तारखेला होतं, आणि प्रचाराचे भोंगे 1 तारखेच्या संध्याकाळीच बंद झाले होते.