एका अवतरणचिन्हाचा जाच

लोक फोटोंच्या फायलींना जी नावे ठेवतात ती वाचली, की बारशाला आत्या का लागते हे नीट कळते. आमच्याकडे लग्नाचे अल्बम येतात आणि ते लहान करण्यासाठी माझा प्रोग्राम दुसऱ्या एका प्रोग्रामला बोलावतो. हा निरोप शेलमार्फत, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून त्या चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत धाडला, की शेल तो पोचवण्याआधी त्याचा अर्थ लावत बसतो. ‘हळद & मेंदी’ हे नाव उघडे दिले, तर तो ‘हळद’पाशी थांबून तेवढे काम मागे ढकलतो आणि ‘मेंदी’ नावाची आज्ञा शोधायला निघतो. ती न सापडल्याची तक्रार मात्र माझ्याकडे येते. एखाद्या इरसाल माणसाने नावात अर्धविराम देऊन पुढे फायली पुसण्याची आज्ञा लिहिली, तर शेल तीही बिनतक्रार पाळतो. युनिक्स या संगणकप्रणालीत फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढेच वर्ज्य आहे. नवी ओळसुद्धा चालते.

यावर जाणकार सांगतात, की नाव एकेरी अवतरणात घाला, मग आतले काहीही शेल वाचत नाही. हे खरे आहे, पण वसईच्या एखाद्या डी'सूझा कुटुंबाचा अल्बम येईपर्यंतच. त्या आडनावातले चिन्ह शेलला अवतरण संपल्याची खूण वाटते, आणि एकेरी अवतरणाच्या आत ते लिहिण्याची कोणतीही सोय नाही. म्हणून अवतरण बंद करायचे, उलट्या तिरक्या रेघेच्या आधाराने ते चिन्ह बाहेर ठेवायचे आणि अवतरण पुन्हा उघडायचे: 'डी'\''सूझा'. एका आडनावापायी एवढा सोपस्कार!

माझे स्पष्ट मत असे, की शेलच्या दारात जाऊच नये. प्रत्येक आर्ग्युमेंट, म्हणजे प्रोग्रामला आज्ञेसोबत द्यायचे नाव किंवा सूचना, यादीतली वेगळी वस्तू म्हणून थेट त्या प्रोग्रामच्या हाती द्यावे. तरीही नावाची सुरुवात वजाच्या चिन्हाने झाली, तर तो प्रोग्राम त्याला फाइल न समजता पर्याय, म्हणजे काम कसे करायचे याची सूचना समजतो, म्हणून आधी दोन वजा टाकून ‘आता पर्याय संपले’ असे बजावावे लागते.

विंडोजवर ही यादीही कामी येत नाही, कारण तिथे सगळी आर्ग्युमेंटे एकाच लांबलचक ओळीत गुंफून जातात आणि ती ओळ कशी तोडायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. प्रचलित नियमानुसार "सी:\लग्न अल्बम\" यातली शेवटची रेघ बंद होणाऱ्या अवतरणालाच गिळते आणि पुढची आर्ग्युमेंटे त्याच अल्बमात जाऊन बसतात. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचे एस्केप करणारे, म्हणजे अशी खास चिन्हे निरुपद्रवी करणारे फंक्शन तर विंडोजवर टक्क्याचे चिन्ह दिसले, की त्या जागी चक्क रिकामी जागा ठेवते, त्यामुळे ‘५०% सवलत’ची नुसतीच ‘५०  सवलत’ होते. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी जाहीर केले, की विंडोजच्या बॅच फायलींना (आज्ञांची यादी असलेल्या फायलींना) दिलेली आर्ग्युमेंटे सर्व प्रसंगी बिनचूक एस्केप करण्याचा उपाय त्यांना सापडलेला नाही, आणि जिथे सुरक्षिततेची खात्री नसेल तिथे रस्ट यापुढे ‘इनपुट अवैध’ म्हणून काम नाकारेल. हा बाणेदारपणा मला फार आवडला. फक्त आमच्याकडे ग्राहकाने पैसे आगाऊ भरलेले असतात, आणि वधूच्या मामाने मोठ्या हौसेने ठेवलेले ‘१००% आमची "राणी" (नवीन)!!’ हे नाव अवैध ठरवण्याचा अधिकार रस्टला असला तरी मला नाही.