ट्रेलर घ्या, पण डोळे मिटून

गाडीमागे घर ओढत फिरायचं ठरवलंत ना? मग ट्रॅव्हल ट्रेलर बघायला जाताना शिडी मागू नका. छतावर चढणारं गिऱ्हाईक डीलरच्या पोटात गोळा आणतं. सांध्यांवरचं सीलंट कुठे सुटलंय, कुठे लावायचंच राहून गेलंय, हे आधी कळून करायचंय काय? पाणी आपली वाट आपण शोधतं. यथावकाश भिंतीच्या आतलं लाकूड कुजेल, वरचा फायबरग्लासचा पत्रा सुटून फुगेल, तेव्हा कळेलच. कोपऱ्यातली फरशी पायाखाली दबली तर गालिचा जाड आहे असं समजा.

वजनाचं विचारू नका. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, सासूबाईंची बॅग तर नाहीच. ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच वाढले. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर येतो, आणि तो तुमच्या गाडीला झेपेल का, हे गाडीच्या दारावरच्या स्टिकरवरून काढता येतं. पण "आरामात ओढेल हो!" असं सेल्समन म्हणाला ना? झालं तर.

टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचू नका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कोऱ्या ट्रेलरखाली एवढे वयस्कर टायर बघून उगाच जीव हळहळतो.

किंमत नव्हे, हप्ता विचारा. पंधरा-वीस वर्षांच्या कर्जात कुठलाही हप्ता गोंडस दिसतो.

आता वॉरंटी. ती बहुधा वर्षाची, आणि त्यातला उन्हाळा दुरुस्तीच्या रांगेत जातो. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. डीलर म्हणतो, एल्कहार्टहून मंजुरी यायचीय. एल्कहार्ट म्हणतं, डीलरनं फोटोच पाठवले नाहीत. दोघांचं एकमत एकाच मुद्द्यावर: सील वेळोवेळी तपासायची जबाबदारी मालकाची. पुस्तिकेत छापलंय, तुम्ही वाचलं नाहीत.

काही संशयी लोक सही करण्याआधी पाणी, वीज, गॅस जोडून सगळं चालवून बघतात, पहिली रात्र डीलरच्या आवाराजवळच काढतात. तुम्ही थेट डोंगरात जा. रात्री दोनला हीटर बंद पडेल, पण तिथे फोनला रेंज नसते, त्यामुळे डीलरची झोप मोडणार नाही.